डावीकडची सीट

रंगाची जाडी मोजणं हे माझं पोटापाण्याचं काम. बुओना व्हिस्टाच्या एका लॅबमध्ये मी गंजाचा अभ्यास करतो. सिंगापूरच्या दमट हवेत गंजाला फक्त निमित्त हवं असतं. त्यामुळे जवळच्या गल्लीतल्या कोहअंकलनी त्यांची पासष्ट सालची ब्युइक रिव्हिएरा तपासायला बोलावलं, तेव्हा मी मनात म्हटलं, वरून कीर्तन, आतून तमाशा. गाडी एका संग्रहालयाला द्यायची होती आणि रंग मूळचाच असल्याचा दाखला हवा होता.

शनिवार होता. माझी बायको विनीता आणि तिची आईही बरोबर आल्या, कारण सासूबाईंना फ्लॅटवर एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. तीस वर्षं पुण्यात गणित शिकवलेल्या सरलाबाई आता पोटच्या मुलीला विचारायच्या, "तू कोणाची गं?" आठ महिन्यांत विनीताचं नाव त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. पंधरा दिवसांत त्यांचा इथे राहायचा पास संपणार होता, मग पुण्यातला वृद्धाश्रम.

"जायच्या आधी एकदा नावाने हाक मारू दे तिला. मग माझं काही म्हणणं नाही," निघताना विनीता म्हणाली होती.

गाडी पोर्चमध्ये उभी होती. दोनच दारं, लांबलचक निळं बॉनेट, पापण्या मिटल्यासारखे झाकलेले दिवे. स्टिअरिंग डावीकडे, म्हणून इथल्या रस्त्यावर ती कधी उतरलीच नव्हती.

"तीन मार्च, सिक्स्टी सिक्स. गुरुवार," अंकल म्हणाले. "दहा वीसला आणली. पाऊस नव्हता लाह." वाक्याला ते इथलं 'लाह' जोडायचेच. त्यांचं वय अठ्ठ्याऐंशी. मला तर कालचं जेवण आठवत नाही.

मी यंत्र टेकवलं. एकशे बारा मायक्रॉन. दारावर एकशे बारा. डिकीवर, चाकावरच्या कडेला, अगदी खालच्या पत्र्यालाही एकशे बारा. कोऱ्या गाडीतसुद्धा जागोजागी पाच-दहाचा फरक असतोच. मी दुसरं यंत्र काढलं. तोच आकडा.

क्रोमवर ठिपका नव्हता. दाराचं रबर बोटाखाली मऊ होतं. आत नव्या चपलांसारखा चामड्याचा वास. डॅशबोर्डवरचं घड्याळ माझ्या फोनच्या मिनिटाला मिनिट चालत होतं, आणि बॅटरी तर कधीच काढून ठेवलेली. मी गुडघ्यांवर बसलो होतो, तिथून उठावंसं वाटेना. देवळात न जाणारा माणूस मी. पण बूट बाहेर काढून यायला हवं होतं, असं फार वाटलं.

तेवढ्यात दार वाजलं. सासूबाई सवयीने डावीकडे जाऊन बसल्या होत्या. ड्रायव्हरच्या शेजारची जागा त्यांना जन्मभर तीच ठाऊक. समोर स्टिअरिंग पाहून त्या हसल्या आणि त्यांनी दोन्ही हात त्यावर ठेवले. काहीतरी ओढतील-बिढतील म्हणून विनीता उजवीकडून आत शिरली.

तिच्यामागे दार आपोआप मिटलं. आवाज झाला नाही.

सासूबाईंनी मान वळवली.

"विनू," त्या म्हणाल्या, "केस का गं कापलेस?"

काचेतून मला स्पष्ट ऐकू आलं. विनीताने तोंडावर हात ठेवला. मग सासूबाई बोलतच राहिल्या. तिचा सतराचा पाढा, तिचा गोवर, आमच्या लग्नातलं खारट वरण. आणि विनीता हसत होती, रडत होती. मीही रडलो, त्यात लाज कसली?

अंकल चहा घेऊन आले आणि थबकले.

"डावीकडे कोण?"

"सासूबाई."

"उजवीकडे?"

"माझी बायको."

त्यांनी ट्रे जमिनीवरच ठेवला. "किती वेळ?"

"दहा मिनिटं असतील."

"उतरव. लगेच."

मी दार उघडलं. सासूबाई आपल्या आपण उतरल्या, पदर सारखा केला. "चला जावईबापू, उन्हं वाढतायत." विनीता डोळे पुसत उतरली आणि आईच्या दंडाला बिलगली. अंकल माझ्याकडे पाहतच नव्हते. "माझी बायको उजवीकडे बसायची," ते ट्रेकडे बघत म्हणाले.

घरी परतताना बुकित पंजांगच्या LRT रेल्वेत सासूबाई स्टेशनांची नावं मोठ्याने वाचत होत्या, एकूण एक बरोबर. विनीता त्यांच्याकडे बघत होती. इतकं सुखी मी तिला वर्षभरात पाहिलं नव्हतं.

"पुढचं आपलं," सासूबाई म्हणाल्या.

मी उठलो.

विनीताने पर्स मांडीवर घेतली आणि मला वाट द्यायला पाय बाजूला केले.

"तुम्हीपण इथेच उतरता का?" तिने विचारलं.