लाल दिवा खोटं बोलतो!

"संघप्रिया, तुमचा दिवा पक्का खोटारडा हाय!" शेजारचा बिरजू धापा टाकत अंगणात शिरला. "शुक्रवारी दुपारी पूल मोकळा होता! माह्या मामानं त्याच पुलावरून पिकअप आणली!"

"काहीच्या काही नको सांगू!" प्रफुलदादा उसळला. "शुक्रवारी दुपारभर दिवा लाल होता."

संघप्रिया आणि प्रफुल या बहीणभावांची आई भामरागडच्या पलीकडे, नदीपारच्या उपकेंद्रात नर्स होती. पुलावर पाणी चढलं की रस्ता बंद, आणि फोनही लागत नसे. आईला बघून सेहेचाळीस दिवस झाले होते! ठरलं असं होतं, की पूल मोकळा झाला की आईनं अलीकडे यायचं आणि बाबांनी घरून, आलापल्लीहून, मोटारसायकलनं जाऊन तिला आणायचं. ते वेळेवर कळावं म्हणून चौदा वर्षांच्या प्रफुलनं एक करामत केली होती. त्याचा प्रोग्राम दर दहा मिनिटांनी रस्त्यांची माहिती ठेवणाऱ्या वेबसाइटच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या चौकशीच्या खिडकीला, विचारायचा, 'पूल मोकळा आहे का?' हो आलं की ओसरीवरचा दिवा हिरवा, नाहीतर लाल.

"दादा, आई शुक्रवारी येऊन उभी राह्यली असंन तं?" संघप्रियानं विचारलं.

प्रफुलनं लॅपटॉप उघडला. प्रोग्रामच्या नोंदी बघता बघता त्याचा चेहरा उतरला. "शुक्रवारी दोन ते चार, उत्तरच नाई आलं. त्याच्या आधीच्या मंगळवारी पण तसंच!"

"मंग दिवा लाल काऊन?" बिरजूनं विचारलं.

"मी तसंच लिहिलं ना. 'हो' नाई आलं, तं लाल."

"वा रे शहाण्या! गुरुजीनं विचारलं अन् मी चूप राह्यलो, म्हणजे मले येत नाई असं होते का?"

"तुले तं खरंच येत नाई!" संघप्रिया म्हणाली, आणि एवढ्या काळजीतही तिघं खो खो हसली.

पण मंगळवार आणि शुक्रवारच का? नेट यायचं ते शेजारच्या वनोपज खरेदी केंद्रातून. आज मंगळवारच होता, पोळ्याची सुट्टी, आणि दोन वाजत आले होते. तिघं धावत सुटली. केंद्रात मोहाच्या बियांची पोती घेऊन बाया रांगेत बसल्या होत्या. केंद्र सांभाळणाऱ्या लटारूभाऊंनी तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालात सरकवला, वायफायच्या डब्याची पिन उपटली आणि तिथं वजनकाट्याची खुपसली!

"लटारूभाऊ!" तिघं एकदम ओरडली.

"काऊन रे बोंबलता? बोर्डात एकच भोक चालू हाय. काटा लावाले पिन पायजे ना! खरेदीच्या दिवशी दोन घंटे नेट नसलं तं काय आभाळ कोसळते?"

"माझी आई येत नाई!" संघप्रिया म्हणाली आणि तिला रडूच फुटलं.

लटारूभाऊ गडबडले. हकिगत ऐकल्यावर त्यांनी काटा थांबवला, बिरजूनं घरून एक्स्टेंशन बोर्ड आणला, आणि डबा न् काटा दोन्ही चालू झाले. तिकडे घरी प्रफुलनं प्रोग्राम सुधारला. उत्तर नाही आलं तर दिवा पिवळा, म्हणजे 'माहीत नाही'. मग दर मिनिटाला पुन्हा विचारायचं. लाल फक्त खरोखर नकार आल्यावरच!

तिघं ओसरीवर जमली आणि प्रोग्राम सुरू झाला. दिवा पिवळा झाला. एक मिनिट गेलं. संघप्रियानं डोळे गच्च मिटले.

"हिरवा!" बिरजू किंचाळला आणि त्यानं संघप्रियाच्या बाबांना हाक मारली. "अवो लहानूभाऊ, गाडी काढा!"

बाबा चपला घालायलाही थांबले नाहीत.

दिवेलागणीला मोटारसायकल अंगणात आली. आई चिखलानं माखली होती, वाळली होती, आणि तरीही आईच होती! संघप्रिया तिला जी बिलगली ती सुटेचना.

"पोट्टेहो, मानलं तुमाले!" आईला भेटायला आलेले लटारूभाऊ म्हणाले. "आमच्यासारख्या बुढ्यायच्या चुका पकडल्या!"

"शुक्रवारी दोन तास पुलाजवळ उभी होते, मंग पाणी पुन्हा चढाले लागलं तशी परत गेले," आई हळूच म्हणाली. "मले वाटलं, पोरं रमली. माझी आठवण येत नसंन."

"रोज येते!" संघप्रिया रागानं म्हणाली. "जेवताना पण येते!"

आईनं दोघांना जवळ ओढलं. परवा सकाळी तिला परत जायचं होतं. संघप्रियानं तो विषयच काढला नाही. तिनं आईची पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत, धानाच्या पोत्यांच्या मागं नेऊन ठेवली.