अकरा ते तीन

१९८४ च्या एप्रिलमध्ये आमच्या केंद्राला वीजकपातीचं पत्र आलं. रोज सकाळी अकरा ते दुपारी तीन. उमाठे साहेबांनी ते माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "इंदुताई, काहीतरी करा." साहेबांचं 'काहीतरी करा' म्हणजे साहेब काही करणार नाहीत, एवढं मला आठ वर्षांत कळलं होतं.

केंद्र सिव्हिल लाइन्समधल्या एका जुन्या बंगल्यात होतं. विदर्भातल्या विहिरींच्या पाणीपातळीचे तक्ते गावोगावहून आमच्याकडे यायचे आणि कॉम्प्युटर त्यांचं गणित करायचा. तीन लोखंडी कपाटं, दोन टेप, एक प्रिंटर आणि टाइपरायटरसारखा एक कन्सोल. मशीन रात्रंदिवस चालू असे. एका जिल्ह्याला दहा-बारा तास लागायचे आणि मधे वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. कपात लागू झाली असती तर एकही जिल्हा वेळेत पुरा झाला नसता.

मशीन जुनं होतं, हीच त्यातली चांगली गोष्ट. त्याची मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या मोहरीएवढ्या कड्या होत्या. वीज गेली तरी त्या कड्यांनी जे धरलेलं असे ते सुटत नसे. प्रश्न एवढाच होता, की आपण कुठवर आलो होतो हे मशीनला कोण सांगणार? म्हणून मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. वीज जाताना, शेवटच्या क्षणी, मशीन हातातल्या कामाचे अठरा आकडे मेमरीच्या एका कोपऱ्यात लिहून ठेवी आणि थांबे. वीज आली की ते आकडे उचलून जिथे सोडलं तिथूनच पुढे. एका वाक्याच्या मध्यावर झोपवलेला माणूस उठून तेच वाक्य पुरं करील, तसं. जाग आल्यावर मशीन फक्त एकच प्रश्न विचारायचं: किती वाजले? त्याच्या लेखी अकराच वाजलेले असत.

हे लिहायला मला तीन आठवडे लागले. टेपला स्वतःची जागा आठवत नसे, प्रिंटरला ओळ आठवत नसे, आणि उठवताना सगळं उलट्या क्रमाने उठवलं नाही तर दोघंही रुसून बसत. साहेबांनी वरच्या कार्यालयाला कळवलं, "आम्ही व्यवस्था केली आहे."

मशीनवर दिवसपाळीला ताराचंद गजघाटे असायचे. इंदोरा वस्तीतले, पस्तिशीचे, कामाला चोख. अकराला पाच मिनिटं कमी असली की ते टेप थांबवत, प्रिंटर थांबवत, आणि शेवटी मुख्य खटका खाली ओढत. तीनला दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन हेच सगळं उलट करी.

मे महिन्यातली गोष्ट. खटका ओढता ओढता ते म्हणाले, "इंदुताई, उद्या मले…" आणि गप्प झाले. मी डबा घेऊन बाहेर निघाले होते. वाट पाहिली नाही. एसी बंद झाला की ती खोली भट्टी व्हायची, सगळे मागच्या व्हरांड्यात जाऊन बसायचे. तीनला वीज आली, मी आत गेले, कपाटातले पंखे घुमू लागले.

"…अर्ध्या दिवसाची सुट्टी पायजे," ताराचंद म्हणाले.

मला नवल वाटलं नाही, राग आला. चार तास अर्ज लिहायला नव्हते का?

असं तीन-चारदा झालं. एकदा मी विचारलंच, "ताराचंद, तुम्ही बाहेर का येत नाही? चार तास त्या उकाड्यात काय करता?"

"कोनते चार तास?"

"अकरा ते तीन."

"आत्ता तर बंद केलं, ताई. लगेच लाईट आली. रोजच येते. मी तं म्हनतो कपात नावालेच हाय."

मला वाटलं माणूस थट्टा करतो आहे. मी त्यांना भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. त्यांनी पाहिलं, आपल्या मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि नाराजीने म्हणाले, "याले किती वेळा दुरुस्त करू? दोन घड्याळजी झाले." त्यांच्या घड्याळात अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी खोलीतच बसून राहिले. म्हटलं, एकदा पकडते आणि मेमो देते.

खटका खाली आला. पंखे घरघरत थांबले. ताराचंद खुर्चीत बसलेले, उजवा हात कन्सोलवर, डोळे उघडे. मी हाक मारली. मग मोठ्याने मारली. खोली तापत गेली, माझा पदर भिजला, पेन हातातून निसटायला लागलं. त्यांच्या कपाळावर घाम नव्हता. एक माशी त्यांच्या खालच्या पापणीवर बसली, काठाकाठाने चालत नाकापर्यंत गेली आणि उडाली. पापणी हलली नाही. मी त्यांच्या मनगटाला हात लावला. गार नव्हतं, गरमही नव्हतं. वीज जाताना जेवढं असेल तेवढंच होतं. नाडी मला सापडली नाही. मला नाडी बघता येत नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

तीनला दुसऱ्या पाळीचा माणूस आला, त्याने खटका वर केला. ताराचंदनी डोळे चोळले.

"काय झालं, ताई? अशा काहून पाहून राहिल्या?"

मी त्यांना घेऊन धंतोलीतल्या एका डॉक्टरकडे गेले. तेव्हा पाच वाजले होते. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ बघितली, टॉनिक लिहून दिलं. मी चार तासांचं सांगितलं तेव्हा त्यांनी ताराचंदऐवजी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, झोप नीट लागते का?

पुढच्या आठवड्यात ताराचंदची बायको जयवंता ऑफिसात आली. उभीच राहिली.

"बाई, तुमी त्याइले काय काम देऊन राहिल्या?"

"नेहमीचंच. का गं?"

"आयतवारी घरीच असते ना हे. अकरा वाजले का बसते तसेच. खाटेवर, नाई तं नळावर. आवाज दिला तं ओ नाई. तीनले उठते अन् म्हनते, जेवाले वाढ, अकरा वाजले." तिने पदराने कपाळ पुसलं. "आमच्या वस्तीत कपात सकाळी असते, बाई. अकरा ते तीन आमच्याकडे लाईट राह्यते."

म्हणजे मशीन होतं सिव्हिल लाइन्समध्ये आणि ताराचंद इंदोऱ्यात.

मी उमाठे साहेबांकडे गेले, म्हटलं हा प्रोग्रॅम काढून टाकते. कारण काय, ते सांगता येईना. साहेब म्हणाले, "इंदुताई, बेचाळीस हजार विहिरींची नोंद आहे. वर कळवून बसलोय मी. माणूस आळशी आहे तर मेमो द्या." मी वाद घातला. साहेबांनी घंटी वाजवून पाणी मागवलं. उरलेला उन्हाळा तसाच गेला. ताराचंदच्या आयुष्यातले रोजचे चार तास जात होते आणि मी रोज तीनला घड्याळाची वेळ टाइप करून मशीनला सांगत होते.

ऑक्टोबरमध्ये नवीन कॉम्प्युटर मंजूर झाला. मला सुटल्यासारखं वाटलं. जुनं काढायला मुंबईहून माणूस यायचा होता, तेवढे दिवस मी ताराचंदना रजा दिली आणि कन्हानला, जयवंताच्या माहेरी जायला सांगितलं. जेवढे दूर असतील तेवढं बरं, असा माझा विचार. इंदोऱ्याचा अनुभव असताना मी असा विचार कसा केला, ते आजही मला सांगता येत नाही.

मुंबईचा माणूस मंगळवारी दहाला आला. मी तक्त्यांची कार्डं पंच करायच्या खोलीत होते. त्याने कुणाला न विचारता, काही बंद न करता सरळ खटका ओढला, केबल काढल्या आणि कपाटं व्हरांड्यात नेऊन ताडपत्रीखाली ठेवली. वीज कशीही गेली तरी माझा प्रोग्रॅम चालायचा. तो तसाच लिहिला होता.

बुधवारी सकाळी मी पोचले तेव्हा जयवंता फाटकाशी बसलेली होती. पहिल्या बसने आली होती.

"काल जेवाले बसले होते," ती म्हणाली. "घास उचलला अन् तसेच हायत. हात असा वर. मायनं रातभर कंदील घेऊन राखलं. तीन वाजून गेले, बाई, तरी उठलेच नाई."

मी साहेबांकडे धावले. जुनं मशीन एकदा चालू करायचंय.

"ते निर्लेखित झालंय, भंगारात गेलंय," साहेब म्हणाले.

"तासाभरासाठी."

"निर्लेखित वस्तू वापरायला वरची लेखी परवानगी लागते. आणि उद्या सकाळी ट्रक येतोय. कशासाठी हवंय?"

"एक माणूस अडकलाय त्यात."

साहेबांनी चष्मा काढला. मी हे बोलून गेले होते आणि आता परत घेता येत नव्हतं. "तुम्ही घरी जा," ते शांतपणे म्हणाले. "आराम करा."

मी गेले नाही. ताडपत्री काढली. जयवंताने केबल धरल्या, मी जोडल्या. दोन तास लागले. एका केबलचं टोक मुंबईवाल्याने वाकवून ठेवलं होतं. व्हरांड्यातल्या सॉकेटला लावून मी खटका वर केला.

पंखे घुमले. कन्सोलने विचारलं, किती वाजले?

मी लिहिलं: बारा दहा.

साहेब दारात येऊन उभे होते. त्यांच्याच फोनवरून मी कन्हानच्या पोस्टात ट्रंक कॉल लावला. तिथला शिपाई जयवंताच्या माहेरी जाऊन आला. निरोप असा होता: जावई जेवून राहिले, म्हणतात वरण थंड कसं झालं.

जयवंता तिथेच फरशीवर बसली.

मी ताराचंदना ताबडतोब बोलावून घेतलं. चारच्या सुमारास ते आले, चिडलेले, रजा अशी का मोडली म्हणून. कपातीच्या वेळा आता ठरलेल्या राहिल्या नव्हत्या. वीज कधीही गेली असती. मी त्यांना कन्सोलसमोर खुर्चीवर बसवलं आणि म्हटलं, मी सांगेपर्यंत बोलत राहा.

"काय बोलू?"

"काहीही. लहानपणचं सांगा."

"कोनत्या लहानपनचं?"

"ताराचंद, बोला."

ते बोलू लागले. आठ वर्षांचे असताना बापाच्या खांद्यावर बसून दीक्षाभूमीच्या मैदानात गेले होते, ते. माणसांचा समुद्र, पांढरे कपडे. मी मेमरीचा तो कोपरा छापायला लावला. पुसण्याआधी बघावं म्हणून.

अठरा आकडे असायला हवे होते.

कागद येत राहिला. अठरानंतर आकडे होते, त्यापुढे आणखी आकडे, ओळीमागून ओळ. मी लिहिलेल्या कशातच ते बसत नव्हते. विहिरींच्या पातळ्या त्या नव्हत्या.

"…माय मांगं राहून गेली होती, तं बापानं मले…"

ताराचंदना यातून सोडवायचं कसं, याचा मी विचार केला. सगळंच पुसावं? त्यात काय आहे हे मला माहीत नव्हतं. जयवंता माझ्याकडे बघत होती.

मी प्रोग्रॅम काढला. माझे अठरा आकडे शून्य केले. एक एक करून.

बाकीच्यांना हात लावला नाही.

मग मी खटक्यावर हात ठेवला. जयवंताने नवऱ्याचा हात धरला.

"बोला," मी म्हटलं.

"…खाली उतरवलं अन् म्हने, चाल आता, सोताच्या पायानं…"

मी खटका ओढला.

पंखे थांबले. कन्सोलवरचा दिवा विझला.

"…मी चाललो. पाय भाजत होते, पन चाललो." ताराचंद थांबले, आमच्या दोघींकडे बघितलं. "झालं का, ताई? पानी भेटंल का जरा?"

जयवंता रडली. साहेबांनी स्वतः पाणी आणून दिलं. असं स्वतः उठून काही करताना मी त्यांना पहिल्यांदाच बघितलं.

दुसऱ्या दिवशी ट्रक मशीन घेऊन गेला. कुठे, ते मी विचारलं नाही. ताराचंद नवीन मशीनवर कामाला लागले. वीज जायची, ते शिव्या देत बाहेर येऊन बसायचे, डबा उघडायचे, घामाने निथळायचे. त्यांना घामाघूम बघून मला बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर त्यांच्या घरी मुलगी झाली. ती सहा महिन्यांची झाल्यावर जयवंताने मला बोलावलं. इंदोऱ्यातली ती खोली पाहुण्यांनी भरली होती. पोरगी गोरीगोमटी, भुकेली, आईच्या मांडीवर तळमळून रडत होती. ताराचंद तिला खुळखुळा दाखवत होते.

तेवढ्यात वीज गेली. भरदुपार होती, उजेडात काही फरक पडला नाही. फक्त पंखा थांबला आणि घर एकदम शांत झालं.

"हे एक बरं हाय, बाई," जयवंता पोरीला थोपटत कौतुकाने म्हणाली. "लाईट गेली का कशीबी रडत असू दे, गप राह्यते. येवढी गुनाची हाय."

मी पोरीकडे पाहिलं. तिचं तोंड अजून उघडंच होतं.