मादामचा चांदीचा टाक

टाक सापडला तो श्रावणीच्या कोटाच्या खिशात. निब पार वाकलेलं.

मादाम एलोईज द वालमोर यांनी टाक दोन्ही हातांत घेतला. फ्रान्समधल्या जुन्या सरदार घराण्यातल्या या कादंबरीकार बाई. मॉन्ट्रियलच्या त्यांच्या घरी दर गुरुवारी साहित्यिकांची मैफल जमे. पणजीचा हा चांदीचा टाक ज्याच्या हाती, त्यानंच बोलायचं, असा रिवाज. आज मैफलीआधी टाकच गायब!

"सगळ्यांचे कोट तपासा, आधी त्या कामाच्या पोरीचा," असं रुबाबात फर्मावलं होतं ते शेजारच्या दिलीपरावांनी. नागपूरचे निवृत्त पोलीस इन्स्पेक्टर, लेकीकडे आलेले.

श्रावणी इथे कॉलेजात शिकायची आणि मैफलीत कॉफी द्यायची. "काका, पोलीस केस झाली तर माझं पीआर, इथं कायम राहण्याचा परवाना, गेलंच हो!" ती रडायलाच लागली.

तिला दर आठवड्याला डबा देणाऱ्या अरुणाताई, दिलीपरावांची बायको, हीटरच्या उबेतही लोकरी टोपी भुवयांपर्यंत ओढून बसल्या होत्या.

दिलीपरावांनी टाक घेऊन निरखला आणि इंग्रजीत विचारलं, "हा लाल डाग कसला?"

"तिची लिपस्टिक," मादाम म्हणाल्या.

दिलीपरावांनी डाग बोटानं पुसला, तर बोटावर कोरडी पूड आली.

"श्रावणी, पेन पायाखाली आलं तर काय करतेस?"

"उचलून कपाळाला लावते. का हो?"

तिच्या कपाळावर साधी टिकलीही नव्हती. दिलीपराव बायकोकडे वळले.

"अरुणा, टोपी काढ."

कुंकू कपाळभर फिसकटलं होतं.

"टाक खाली पडला होता, त्यावर हिचा पाय पडला," दिलीपराव मादामना इंग्रजीत सांगू लागले. "लेखणीला पाय लागला, म्हणून हिनं आधी तो कपाळाला लावला. मग वाकलेलं निब दिसलं."

"कुणीतरी येत होतं," अरुणाताई पुटपुटल्या. "हाताशी आला त्या कोटात कोंबला. तिचा आहे हे ठाऊक नव्हतं."

"सापडल्यावर कळलं ना? तेव्हा का नाही बोललीस?"

"इन्स्पेक्टरची बायको ना मी. लाज वाटली हो!"

"निब बदलता येतं," मादाम हलकेच म्हणाल्या. "माफ कर, श्रावणी."

दिलीपरावांना मान वर करवेना. त्या पोरीचा कोट पहिला तपासायला त्यांनीच लावला होता. त्यांनी तो उचलला, झटकला आणि तिला घालायला धरला.

श्रावणीनं कोट त्यांच्या हातातून काढून घेतला. पिशवीतून अरुणाताईंचा रिकामा डबा काढून टेबलावर ठेवला.

"पुढच्या आठवड्यापासून नको, काकू," ती म्हणाली, आणि कोट हातातच घेऊन बर्फात निघून गेली.