रडणं थांबेपर्यंत

सलग तीन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही, आणि तेही एका कुत्र्यापायी, हे सांगायची लाज वाटते. लढाई चालू होती. धान्य मिळेना. आमचे हे इजिप्तमध्ये लष्कराच्या मोटारी हाकत होते. महिन्यातून एखादं पत्र येई, तेही जागोजागी काळं फासलेलं. आणि मी, ट्रेनिंग कॉलेजातून पहिल्या वर्गात पास झालेली शिक्षिका, आढ्याकडं बघत विचार करत पडले होते की उद्या कप्तानचं काय करायचं.

कप्तान हा आमचा कुत्रा. नगरात मुलींच्या मिशन शाळेमागं शिक्षिका आणि नोकरांसाठी पाच खोल्यांची ओळ होती. शेवटच्या खोलीत मी, चार वर्षांची दया आणि तो, असे तिघं राहायचो. दोन महिन्यांपूर्वीपर्यंत चौघं होतो. ह्यांची थोरली विधवा बहीण, लिडियावन्सं, अर्धांगानं खाटेला खिळल्या होत्या. वाचा गेली होती. खोलीत कोणी नसलं की त्यांच्या तोंडून नुसता एक लांब, वर चढत जाणारा सूर निघायचा, आणि खाटेखाली बसलेला कप्तान त्यात आपला सूर मिसळायचा.

जाताना ह्यांनी मला दोनच गोष्टी सांगितल्या होत्या. "आक्काला एकटं टाकू नको. आणि ह्या कप्तानला सांभाळ."

पहिली माझ्याच्यानं झाली नाही. वन्सं गेल्या तेव्हा खोलीत कप्तानशिवाय कोणी नव्हतं. हे मी पत्रात लिहिलेलं नाही.

दया माझ्याबरोबर शाळेतच बिगरीत बसायची. आम्ही दोघी बाहेर पडलो की कप्तान जो गळा काढी, तो संध्याकाळपर्यंत. आमच्या भिंतीला भिंत लागून राहीबाई राहायच्या. सकाळी बोर्डिंगात स्वयंपाक करायच्या, दुपारी घरी असायच्या.

"तुमच्या कप्तानाला रईवारी उपासनेला न्या बाई," त्या मला म्हणाल्या. "गायनाला मानसं कमी पडत्यात. ह्याचा गळा लई चांगला हाय."

मी हसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या बाईंकडं तक्रार केली. मोठ्या बाईंनी मला महिनाअखेरपर्यंत मुदत दिली. तोवर कुत्रं गप्प झालं नाही, तर नगरपालिकेचा विषाच्या गोळ्या घालणारा माणूस येणार. वीस दिवस उरले होते. ह्यांनी सोपवलेल्या दोघांतलं दुसरंही माझ्या हातून जाणार, या विचारानं ती झोप उडाली होती.

शेवटी शाळेच्या गड्यानं, पुंजारामनं, मार्ग सांगितला. त्यानं भिंगारच्या लष्करात साहेबलोकांची कुत्री सांभाळली होती.

"तुमी चपला घातल्या की त्याला कळतंय, बाई. म्हनून उगीच चपला घालायच्या आन बसून ऱ्हायाचं. छत्री उचलायची, परत ठिवायची. मग दाराभाईर जायाचं, लगीच यायाचं. उद्या लिंबापतूर. परवा आडापतूर. गेलेलं मानूस येतंय, हे त्याला पटलं पायजे."

"आणि मधेच रडायला लागला तर?"

"तर भाईर थांबायचं. गप झाला की मंगच दार उघडायचं. रडताना उघडलं तर त्यो रडनंच शिकंल."

मी मान हलवली. माझी नजर अंगणातल्या लिंबाकडं गेली. त्यानं ते पाहिलं नसावं.

आमची तालीम सुरू झाली. ओळीतल्या बायकांना वाटलं असणार, नवरा लढाईवर गेल्यानं बाईंचं डोकं फिरलं. छत्री घेऊन दारापर्यंत जाणारी आणि परत येऊन स्टुलावर बसणारी बाई पाहून मलाही तेच वाटलं असतं. दयाला मात्र खेळ सापडला. ती दाराला कान लावून उभी राही, ओठावर बोट ठेवी, आणि आतलं कुंईकुंई थांबलं की हळूच म्हणे, "गप्प झाला. आता उघड."

पंधरा दिवसांत मी लिंबाखाली अर्धा तास थांबू लागले, तरी आतून चकार शब्द नाही. पण मला हवा तसा आनंद होईना. दार उघडल्यावर कप्तान कधी दाराशी नसायचा. तो त्या रिकाम्या खाटेजवळ बसलेला असायचा, आमच्याकडं पाठ करून, मान थोडी वर उचलून, कुणीतरी डोक्यावरून हात फिरवत असावं तसा. आणि खोलीत निर्गुडीच्या तेलाचा वास. वन्संच्या हातापायांना मी रोज तेच तेल चोळायची. गोधडीला राहिला असेल वास, असं मी मनाला सांगितलं. गोधडी तर मी केव्हाच देऊन टाकली होती. हे आठवलं तेव्हा रात्रीचा भात ढवळत होते, आणि भात खाली लागला.

राहीबाई मात्र हटेनात. "तुमी असताना गप ऱ्हातंय. शाळंत गेला की बारापासनं सुरू."

मला त्यांचा राग आला. खोटं बोलतात ह्या बाई, मुदत संपायची वाट बघतात, असं वाटलं. त्यांना खोटं पाडायचं म्हणून महिन्याच्या शेवटच्या दिवशी मी कप्तानला पहाटेच मागच्या कुंपणातून शाळेत नेलं आणि वर्गामागच्या चिंचेला बांधलं. खोलीला कुलूप घातलं, किल्ली कमरेला खोचली. दिवसभर तो सावलीत जीभ काढून झोपला. मधल्या सुट्टीत पुंजारामनं त्याला पाणी दाखवलं.

चार वाजता आम्ही परतलो. ऊन अजून पांढरं होतं. राहीबाई पायरीवर बसून सुपात बाजरी निवडत होत्या. कप्तान दोर ताणून माझ्यामागं कुठं कुठं हुंगत रेंगाळला होता.

"आज हद झाली, बाई," त्या मान वर न करता म्हणाल्या. "भाकर ग्वाड लागली न्हाई मला. आन आवाज बी कसा... कुत्र्यावानी न्हाईच. गप ऱ्हा म्हनून मी भितीवर हात मारला, तर त्यो सूर... भितीजवळ आला."

मी दोर ओढला. कप्तान पुढं आला. राहीबाईंचा हात सुपातच थांबला.

"ह्याला... कवा भाईर काढलं?"

"पहाटेपासून माझ्याजवळच आहे."

त्यांनी सूप उचललं आणि आत गेल्या. आतून कडी लागल्याचं ऐकू आलं.

आता जे कुणाला सांगितलं नाही, ते सांगते. दोन महिन्यांपूर्वी अशाच एका दुपारी मधल्या सुट्टीत मी दयाला घेऊन वन्संना भरवायला घरी येत होते. लिंबापाशी आले तर आतून तो सूर ऐकू आला. आदली सगळी रात्र मी जागून काढली होती. वाटलं, पाच मिनिटं इथं बसावं. त्या गप्प झाल्या की आत जाऊ. दया मांडीवर पेंगत होती. मी बसले. थोड्या वेळानं त्या गप्प झाल्या, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हणून आणखी थोडा वेळ बसले. कप्तानही गप्प झाला होता. दोघं एकदमच गप्प झाले होते, हे दार उघडल्यावर माझ्या ध्यानात आलं.

किल्ली हातात घेऊन मी दाराशी उभी राहिले. निर्गुडीचा वास फटीतून येत होता. कप्तान उंबऱ्यासमोर खाली बसला, आणि त्याची शेपटी धुळीत इकडून तिकडं हलू लागली.

मग आतून तो सूर आला. आधी बारीक... मग वर चढत, लांब.

"आले, वन्सं," मी म्हटलं. "आले मी... आले." किल्ली कुलपात जाईना. एकदा तरी मला ते दार रडणं चालू असतानाच उघडायचं होतं.

दयानं माझा हात धरला. ओठावर बोट ठेवलं, आणि दाराला कान लावून हळूच म्हणाली,

"थांब ना, आई. अजून आत्या गप्प कुठं झालीय?"