लाइन क्लिअर

अबू तलहचं स्टेशन कायमचं बंद झाल्याचा हुकूम निघाला, तेव्हा बाबिकर मास्तर तिथला टेलिफोन सोडवून न्यायला गेला. अठरा वर्षं त्यानं त्या वाळवंटात गाड्या सोडल्या होत्या. पुढे आठवड्याला एक गाडी उरली, मग महिन्याला, आणि शेवटची जाऊन आता दोन वर्षं झाली होती. विहीर आटली, वस्ती उठली. राहिली एकटी सित्तना, हसबू गँगमनची बायको.

"टेलिफोन नेताय, मास्तर?" सुंठ घातलेली कॉफी ओतत ती म्हणाली. "मग स्टेशनची पाटीही न्या की. बैठकीत लावा."

"वहिनी, चला आता शहरात, अटबऱ्याला. इथं पाण्याचा टँकरसुद्धा येणार नाही यापुढे."

"हसबू आल्याशिवाय कशी येऊ?"

बाबिकर टेलिफोनचे स्क्रू काढू लागला. नऊ वर्षांपूर्वी हसबू ट्रॉली घेऊन रूळ तपासायला गेला आणि धुळीच्या वादळात मालगाडीखाली सापडला. मोडकी ट्रॉली तेवढी मिळाली; वाळूत प्रेतही हाती लागलं नाही. न सांगता गेला होता, असं मास्तरनं वर कळवलं होतं.

तीनच्या सुमारास दक्षिणेकडून धुळीची भिंत उठली. उजेड आधी तांबडा झाला, मग तपकिरी. खोलीत जळक्या तेलाचा वास भरला. बाबिकरनं घाईघाईनं टेलिफोनची तार कापली.

आणि टेलिफोन वाजला.

तारेचं कापलेलं टोक त्याच्या मुठीतच होतं. त्यानं रिसीव्हर उचलला. पलीकडे वाऱ्याचा घोंघाट, आणि त्यातून पुढच्या स्टेशनच्या मीरघनी मास्तरचा आवाज. मीरघनीला त्यानं स्वतः खांदा दिला होता.

"बाबिकर... मालगाडी सोडतोय... लाइन क्लिअर?"

"नाही! थांबव! हसबू आहे रुळावर!"

"मघाशी तर क्लिअर म्हणालास..."

पुढे नुसता वारा. बाबिकर वळला. दारात सित्तना उभी होती.

"म्हणजे... तुम्हाला ठाऊक होतं?"

"सांगून गेला होता तो, वहिनी. माझा डोळा लागला... उठलो तो विसरूनच गेलो, आणि गाडीला क्लिअर दिलं."

"आणि नऊ वर्षं येता-जाता माझ्या हातची कॉफी प्यालात."

बाहेर रुळाच्या सांध्यांवरून चाकं येत होती. खट्... खट्... फलाटाशी ती थांबली.

"हसबू?" तिनं हळूच हाक मारली आणि ती धुळीत शिरली.

"वहिनी... जाऊ नका..." बाबिकर दाराची चौकट धरून ओरडला. चाकं पुन्हा फिरली, अटबऱ्याच्या दिशेनं. या खेपेला ओझं वाढल्यासारखी, सावकाश.

उंटवाल्यांनी तीन दिवस वाळवंट धुंडाळलं. सित्तना सापडली नाही. बाबिकरनं फौजदाराला सगळं सांगितलं. त्यानं खांद्यावर हात ठेवून मास्तरला घरी पाठवलं.

पण रूळ फौजदारानंही पाहिले होते. दोन वर्षांच्या गंजानं ते तांबडेलाल पडलेले. फक्त पूर्वेकडून फलाटापर्यंत, आणि पुढे अटबऱ्याकडे हाकेच्या अंतरापर्यंत, दोन्ही रूळ रोज चाकं फिरल्यासारखे लखलखत होते.

ती चकाकी दर महिन्याला थोडी पुढे सरकते, असं उंटवाले सांगतात. बाबिकरचं घर अटबऱ्यात, त्याच रुळांना लागून आहे.