डावीकडून बोललेलं

त्या दुपारी अकोल्यात माझं सगळंच बिनसलं होतं. जिचं रेकॉर्डिंग करायला मी अमरावतीहून आले होते, ती भजनमंडळी ऐनवेळी कुणाच्या तरी बारशाला निघून गेली होती. शनिवारच्या कार्यक्रमासाठी माझ्या हातात काहीच नव्हतं. त्यात परतीचा पाऊस असा कोसळायला लागला की बसस्टँडकडे पळता पळता मी दिसेल त्या पत्र्याखाली शिरले.

ते वाद्यं दुरुस्त करायचं दुकान होतं. आत दुरुस्तीला आलेला एक तरुण आपला बेंजो मांडीवर घेऊन बसला होता. बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारखी बटणं बसवलेलं वाद्य. आमच्याकडे कव्वालीत, भीमगीतात हमखास असतं. नवी तार लावून तो सूर तपासत होता. एक सूर, मग दोन… आणि मग अचानक पावसाच्या वरताण अशी काही फिरत त्यानं घेतली की मी भिजलेली आहे हेच विसरले. पिशवीतला रेकॉर्डर हळूच काढला आणि चालू केला.

वाजवणं थांबलं.

"थांबले काहून?" मी विचारलं.

त्यानं मान वळवून उजवा गाल माझ्याकडे केला. "काय म्हनलं?"

"थांबले काहून म्हटलं. वाजवा ना."

"तुमच्या हातात ते लाल लाल पेटून राहिलं, म्हनून." तो हसला. "चोराले पाहून मानूस थांबतेच."

"चोर नाही, रेडिओवाली आहे मी. अमरावतीची. भावना वानखडे."

"मंग विचारून तरी चोराव ना, जी!"

मी लाजले. मग विचारून चोरलं.

अमरावतीला आमचं छोटंसं सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. दोन खोल्या, गच्चीवर एक मनोरा. शहर आणि भोवतालची थोडी गावं, एवढीच त्याची झेप. तिथं दर शनिवारी मी 'मांडवातलं गाणं' करते. आपल्या भागात लोकांसमोर बसून गाणारे-वाजवणारे शोधायचे, त्यांचं वाजवणं ऐकवायचं, त्यांना बोलतं करायचं. त्या शनिवारी मी दुकानातला तो बेंजोवाला, बाळापूरचा स्वप्निल तायडे ऐकवला. केंद्रावर फोनच फोन. एका बाईंनी तर विचारलं, "पोराचं लगन झालं का वं?" आमचा तंत्रज्ञ कुलदीप माझ्याकडे बघत म्हणाला, "मॅडम, याचं उत्तर तुमीच द्या."

बाळापूरला आमचा रेडिओ पोचत नाही. म्हणून मी स्वप्निलला ते रेकॉर्डिंग पाठवलं. त्यावर त्याचा निरोप आला, "वाजवनं ठीक हाय. पन मधात मधात तुमी बोलता ते जास्त चांगलं हाय."

मग आम्ही भेटायला लागलो. अकोला आणि अमरावतीच्या मध्ये मूर्तिजापूर. तिथल्या स्टँडबाहेर चहा. तो वडिलांच्या, पुंजाजींच्या भीमगीत पार्टीत वाजवायचा. जयंत्यांच्या कार्यक्रमांचे, गावोगावच्या रुसव्या-फुगव्यांचे किस्से सांगायचा. आणि मी बोलायला लागले की… मान किंचित तिरपी करायचा, डोळे बारीक करायचा, माझा एकही शब्द सांडू नये अशा बेतानं ऐकायचा. कुणी असं ऐकायला लागलं की जीव कसा होतो, ते मला तोवर माहीत नव्हतं.

पण घाबरतही होते. माइकपुढं बडबडणारी मी, त्याच्यापुढं एक वाक्य बोलायला आठवडेच्या आठवडे लावत होते. घरून बसमध्ये बसताना ठरवायचे, मूर्तिजापूर येईतो वाक्य गिळून टाकायचे. नाही म्हणाला तर? हसला तर? चहासुद्धा बंद झाला तर?

शेवटी एका संध्याकाळी रस्त्याच्या कडेनं चालताना, समोर नजर ठेवून, मी बोलले. तो माझ्या उजव्या हाताला चालत होता. कापसानं फुगलेला एक ट्रक नुकताच पुढे गेला होता आणि हवेत पांढरं भुरभुर उडत होतं.

"स्वप्निल… मले तुमी आवडता. लय."

तो चालत राहिला. चेहऱ्यावर काहीच हललं नाही. थोड्या वेळानं म्हणाला, "बस लागली वाटते तुमची."

बसमध्ये मी खिडकीला डोकं लावून बसले. रडूसुद्धा येईना. इतक्या सभ्यपणे नकार कुणी देतं का? की माझी इतकीच किंमत, की उत्तरही द्यावंसं वाटू नये?

त्यानंतर मी निरोपांना उत्तर देणं बंद केलं. "काहून बोलत नाही?" त्याचं रोज एकच. मी फोन पालथा ठेवायचे. माइकपुढं वाक्यं मध्येच तुटायची. आणि पुढ्यात होता आमचा पहिला थेट कार्यक्रम! पुंजाजींची पार्टी रविवारी सकाळी स्टुडिओत येऊन गाणार, आणि ते जसंच्या तसं हवेत जाणार. मीच ठरवलेलं, मीच दवंडी पिटलेली. आता माघार कशी घेणार?

रविवारी ते सगळे आले. छोट्या खोलीत दाटीवाटीनं बसलो. कुलदीपनं माझी खुर्ची नेमकी स्वप्निलच्या डाव्या अंगाला लावली. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्यानं बघितलं असावं. मानेवर ऊब आल्यासारखं झालं.

दोन गाणी झकास झाली. पुंजाजींचा आवाज भिंतींना पुरेना. मग मी ठरल्याप्रमाणे म्हणाले, "आता स्वप्निल आपल्याला एकट्याचा बेंजो ऐकवतील. स्वप्निल…?"

शांतता.

रेडिओवर शांतता म्हणजे काय, ते माइकपुढं बसलेल्यालाच कळतं. काचेपलीकडे कुलदीपचे हात हवेत. मी पुन्हा नाव घेतलं. तो उजवा कान बेंजोवर टेकवून निवांत बटणांवरून बोट फिरवत बसलेला. पुंजाजींनी ढोलकीवर थाप टाकून वेळ मारून नेली, "पोरगं लाजून राहिलं बाप्पा!" सगळे हसले, तेव्हा त्यानं दचकून वर पाहिलं. सगळ्यांच्या तोंडाकडे, एकेकाच्या. शेवटी माझ्याकडे. चेहरा पांढराफटक.

ती भीती मी ओळखली. आणि त्याच क्षणी मला मूर्तिजापूरचा रस्ता आठवला. मी कुठल्या बाजूनं चालत होते ते आठवलं.

मी त्याच्या खांद्याला हात लावला, बोटानं बेंजो दाखवला. तो वाजवायला लागला. एकही सूर ढळला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याला जिन्यात गाठलं. मुद्दाम उजवीकडून.

"डाव्या कानानं ऐकू येत नाही ना?"

तो कठड्याला टेकला. "बाबाले सांगू नका."

"कधीपासून?"

"मागच्या उन्हाळ्यापासून. लग्नाच्या वरातीत डीजेच्या गाडीले खेटून वाजवाव लागे. एक दिवस कानात शिट्टी वाजाले लागली. मंग शिट्टीबी गेली."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"गेलोच नाही. उजवाबी जाते म्हनलं त् काय करू, सांगा? दुसरं येतेच काय मले?"

मला त्याचा राग आला, कीव आली, आणि मनात एक दुष्ट आनंदही झाला… म्हणजे त्यानं नकार दिलाच नव्हता! पण लगेच दुसरी धास्ती उभी राहिली.

"म्हणजे मान तिरपी करून ऐकता, ते… कानामुळं?"

"बाकीच्याईचं अर्धंमुर्धं आयकून मी 'हो हो' म्हनून मोकळा होतो," तो म्हणाला. "तुमचं सुटू नये वाटते."

मी जिन्यातच बसले.

"मूर्तिजापूरले तुमी काही बोलल्या होत्या का?" त्यानं विचारलं. "त्याच दिवसापासून रागावल्या तुमी."

"आधी कान दाखवायचा," मी म्हणाले. "मग सांगते."

चार दिवसांनी आम्ही अमरावतीच्या एका दवाखान्यात, कान तपासायच्या खोलीबाहेर बाकावर बसलो होतो. बाहेर अवकाळी झिमझिम लागलेली. स्वप्निलच्या दोन्ही तळव्यांना घाम. तो सारखा ते पँटला पुसत होता.

"उजवाबी खराब निघाला त् तुमी घरी जाजा," तो म्हणाला. "मी बसनं जातो बाळापूरले. मंग फोन नका करू."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की थांबून चालणार नाही. तपासणी चांगली निघाल्यावर बोलले तर त्याला वाटेल, कान बरा म्हणून. वाईट निघाल्यावर बोलले तर वाटेल, दया म्हणून. बोलायचं तर आत्ताच. मी त्याच्या उजव्या कानाशी वाकले.

"स्वप्निल, मले तुमी आवडता. आत काहीबी निघो. म्हणून आत्ताच सांगून ठेवते."

त्यानं ऐकलं. कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. तोंड उघडलं, आणि—

"तायडे! आत या."

तो उठला, दारापर्यंत गेला, मागं वळून बघितलं, आणि दार बंद झालं.

मी बाकावर एकटी. आत त्याच्या कानात बारीक बारीक आवाज सोडत असतील, आणि तो 'आला', 'नाही आला' म्हणत असेल. माझं तर त्याला पोचलं होतं. पण उत्तर काय? समोरची बाई तिच्या लेकराला गप्प करत होती, आणि मला वाटत होतं, सगळ्या दवाखान्यानंच जरा गप्प व्हावं.

दार उघडलं. तो आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"डावा नाही येत वापस," तो म्हणाला. "उजवा चांगला हाय. एकदम चांगला. जपाव लागते म्हने. डीजेपाशी उभं राहाचं नाही."

मग त्यानं खिशातून फोन काढला आणि माझ्यादेखत नंबर लावला.

"बाबा… डावा कान गेला माहा. नाही, नाही, आयका त्… उजवा ठीक हाय. वरातीत नाही वाजवत मी आता. पार्टीत वाजवतो." तो थांबला. "आन् बाबा, ते भावना हाय ना, रेडिओवाली… तिले घरी घेऊन येऊ का?"

पलीकडचं मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी त्याच्या चेहऱ्यावर उत्तर शोधत होते. तो ऐकत होता, फक्त ऐकत होता, आणि त्याचे डोळे भरत चालले होते. शेवटी त्यानं फोन खाली घेतला.

"काय म्हणाले?"

"रडून राहिले. म्हने, आधी काहून नाही सांगतलं."

"आणि… माझं?"

"म्हने, पोरगी कधीची ओळखली म्या, तुलेच उशीर झाला." त्यानं माझी पिशवी उचलून खांद्याला लावली आणि पहिल्यांदाच मला अगं-तुगं केलं. "चाल भावना. अकोल्याची बस पकडू, तिथून बाळापूर."