कॅमेरा तळ्याकडे

कॅमेरा वळवायला तुम्ही सांगितलंत. आता कानांवर हात ठेवू नका. हुकूम तुमच्या कार्यालयातून आला, फोनवर आला, आणि पुन्हा पुन्हा आला. तो पाळणारी बाई तुमच्या पगारावर होती, म्हणून तिने पाळला. पुढे जे घडलं त्याला ‘कामाचा ताण’ असं नाव देऊन तुम्ही मोकळे झालात. वर तिला चार दिवस विश्रांती घ्यायला सांगितलंत, जसं काही बिचारीचं डोकंच दुखत होतं. तेव्हा आता पहिल्यापासून ऐकून घ्या.

तळ्याच्या अलीकडच्या काठावर पाणीपुरवठ्याचं जुनं पंपघर आहे. त्याच्या माडीवरच्या खोलीत ही बाई बसायची. खोलीत दोन टेबलं, एक खिडकी, आणि कितीही पुसली तरी ओलसर राहणारी फरशी. खाली पंप सुरू झाला की कपातल्या चहात बारीक वर्तुळं उठायची. दुसऱ्या टेबलावर मास्तर. शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ. तुम्ही इंटरनेटवर दाखवता ते पक्ष्याच्या घरट्याचं थेट चित्र बघणारे लोक चित्राखाली जे काही लिहितात, त्याला सभ्य भाषेत उत्तरं देणं हे त्यांचं काम. जन्मभर पोरांना गप्प बसवलं, आता मोठ्यांना बसवतोय, असं ते स्वतःच म्हणायचे. तिला ते कॅमेराबाई म्हणत, आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं.

तळ्यापलीकडे एक वठलेलं झाड. शेंड्याजवळ गरुडाचं घरटं, चांगलं खाटेएवढं. शेजारच्या फांदीवर कॅमेरा आणि माईक बसवलेला. बाईच्या टेबलावर एक बोटभर दांडी होती. ती ढकलली की पलीकडे कॅमेरा मान वळवायचा.

घरट्यात दोन पिल्लं होती. हे नीट लक्षात ठेवा. दोन. मोठं अंड्यातून आधी बाहेर पडलेलं, लहान काही दिवसांनी. गरुडांच्या घरात तेवढ्या दिवसांत सगळा निकाल लागतो. मोठ्याच्या मानेत जोर भरला होता, तेव्हा लहानाला डोकंसुद्धा धड सावरत नव्हतं. मादी मासा घेऊन उतरली की मोठं पुढे घुसायचं. लहानाने चोच उघडली की त्याच्या टाळक्यात टोचायचं, पुन्हा टोचायचं, ते तोंड खाली घालून घरट्याच्या कडेला पडेपर्यंत टोचायचं. मादी मासा फाडत राहायची आणि समोर जी चोच उघडी दिसेल तिच्यात तुकडा ठेवायची. भांडण सोडवणं तिच्या कामात बसत नव्हतं.

शाळाशाळांतून हे चित्र जेवणाच्या सुट्टीत दाखवलं जाई. पोरं घास तोंडात धरून बसायला लागली, पालकांच्या तक्रारी आल्या, आणि तुमच्यातल्या एका मॅडमचा फोन आला. टोचाटोची सुरू झाली की कॅमेरा तळ्याकडे वळवा. आवाज बंद करा. शांत झालं की परत या.

घरट्यात हात घालायचा नाही हा नियम बाईला पहिल्या दिवसापासून माहीत होता, आणि तो तिला पटलाही होता. पण हात घालायचा नाही आणि बघायचंही नाही, हा नियम तुम्ही कुठून आणलात? कॅमेरा एकच. तो तळ्याकडे गेला की घरट्यात काय चाललंय हे जगात कुणालाच दिसत नव्हतं. तिलासुद्धा नाही. लोकांना दिसायचं पाणी. संथ, चकचकीत, एखाद्या दुकानाच्या कॅलेंडरवर असतं तसं. खाली लोक लिहायचे, किती सुंदर.

बाईच्या घरीही दोन होती. थोरला चौथीत. धाकटी नुकतीच शाळेत जायला लागलेली, तिला सगळे बारकी म्हणत. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या इमारतीत लोंबकळत असायचा. जेवणाच्या टेबलाशी भिंतीला लागून एक लाकडी बाक होता, पोरांसाठी, एका पायाने आखूड. थोरला बसता बसता सरकत सरकत मध्यावर यायचा आणि डावा हात ताटाभोवती कुंपणासारखा घालून जेवायचा. बारकी टोकाला, अर्धी बाकावर, अर्धी हवेत. तिचा खांदा घासून घासून भिंतीवर तेवढ्याच उंचीला एक काळपट डाग पडला होता. नवरा म्हणायचा, हा बाक आहे की मतदारसंघ, एकदा निवडून आला तो उठायलाच तयार नाही. सगळे हसायचे. बारकीही हसायची. बाई दमून आलेली असायची, जो मागेल त्याला वाढायची. थोरला मागायचा. बारकी मागत नसे.

पहिल्यांदा खटकलं ते बुटांवरून. दोघांचेही बूट फाटले होते आणि नवरा एकच जोड घेऊन आला. बारकीचे कुठे, असं विचारल्यावर त्याने कपाळावर हात मारला. अरेच्चा, राहिलेच की. विसरभोळा माणूस, बाईने चार शब्द सुनावले आणि विषय संपला. त्या दिवशी घरट्यात मोठी धुमश्चक्री झाली होती आणि कॅमेरा बराच वेळ तळ्याकडे होता, ही गोष्ट तेव्हा तिच्या ध्यानातही आली नाही.

मग शाळेची गाडी बारकीला न घेताच आली. पोर एकटी चालत घरी पोचली, गुडघे धुळीने माखलेले. दुसऱ्या दिवशी बाईने ड्रायव्हरला धारेवर धरलं. तो वरमला असता तर तिला बरं वाटलं असतं. तो गोंधळला. ताई, तुमच्याकडून एकच मुलगा येतो ना, असं त्याने अगदी सरळ विचारलं, आणि बारकी त्याच्यासमोर दप्तर लावून उभी होती.

त्याच आठवड्यात मास्तर चष्मा पुसत म्हणाले, की लोक आता लहान पिल्लाचं काही विचारतच नाहीत. आधी जीव टाकायचे, त्याला काही मिळालं का, मिळालं का म्हणून. आता सगळं मोठ्याचंच कौतुक. नजरेआड गेलं की संपलं, दुसरं काय. बाईने कॅमेरा परत घरट्यावर आणला. लहान होतं, पण कालच्यापेक्षा आणखी कडेला. पाठ टेकायला दुसरं काही नसल्यासारखं काटक्यांना चिकटून.

लोकांसाठी आवाज बंद केला तरी तिच्या हेडफोनमध्ये माईक चालूच असायचा. एका दुपारी पडद्यावर तळं होतं आणि कानात पिल्लांची किरकिर. ती किरकिर थांबली. मग फरशीवरून लाकूड ओढल्याचा आवाज आला. एक पाय आखूड असलेला बाक सरकवला की येतो तसा, आधी खरखर आणि शेवटी टक. तिने हेडफोन काढून खोलीत बघितलं. मास्तर टाइप करत होते. खाली पंप बंद होता. तिने हेडफोन पुन्हा लावला. नुसता वारा.

त्या संध्याकाळी थोरला आणि नवरा टीव्हीपुढे होते. बारकी स्वयंपाकघरात उभी राहून पावाचा तुकडा खात होती, मान खाली घालून, भराभर, कुणी काढून घेईल अशी. बाई तिच्याजवळ बसली. खांद्याची हाडं फ्रॉकमधून हाताला लागली.

“आई, दुपारी तू पाण्याकडे का बघत होतीस?”

घरी तिने कधी तळ्याचं नावही काढलं नव्हतं. “कुठल्या पाण्याकडे?”

“मी हाका मारत होते. तू पाण्याकडेच बघत होतीस.”

पोरीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बाहेर पाऊस आहे असं सांगावं तसं तिने सांगितलं आणि उरलेला पाव तोंडात कोंबला.

दुसऱ्या दिवशी बाई कामावर गेली ती ठरवूनच. सकाळी बारकीला तिने स्वतः शाळेत सोडलं. तिच्या वर्गातल्या बाईंच्या हातात तिचा हात दिला, आणि हात दिल्यावरही त्या बाई थोरल्याशीच बोलत राहिल्या, तेही बघितलं. पंपघरात आली, खुर्ची ओढली, कॅमेरा घरट्यावर आणला आणि दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मास्तरांना म्हणाली, आज कॅमेरा हलणार नाही.

“नोकरी जाईल, कॅमेराबाई.”

“जाऊ दे.”

मादी मासा घेऊन उतरली. मोठं पुढे आलं. लहानाने कडेवरून मान उचलली, चोच उघडली. मोठं वळलं.

फोन वाजला. बाईने उचलला नाही. मास्तरांनी उचलला, हो हो म्हणाले, आणि फोन तिच्यापुढे धरला. तुमच्या मॅडम होत्या. कितीतरी शाळांतून चित्र चालू आहे, पोरं रडतायत, ताबडतोब वळवा. बाईने पडद्यावरची नजर न काढता सांगितलं, की मी बघतेय तोवर ते जिवंत आहे.

मॅडम म्हणाल्या, “तुम्ही राहू द्या. आम्ही इथून वळवतो.”

टेबलावरची दांडी तिच्या डोळ्यांदेखत आपली आपण कलली.

तिने ती पकडली. दोन्ही हातांनी मागे ओढली. हाताला जोर लागत होता, दुसऱ्या टोकाला कुणीतरी तितकाच जोर लावत असल्यासारखा. पण चित्र सरकत गेलं. आधी लहान गेलं, मग मोठं, मग काटक्या.

तळं.

कानात खरखर आली. बाक सरकला.

टक.

मग काहीच नाही.

चित्र परत आलं तेव्हा घरट्याच्या बरोबर मध्यावर एक पिल्लू बसलं होतं. पोट टम्म. रक्त नाही, पीस नाही, काटकीसुद्धा विस्कटलेली नाही. बाईने मास्तरांकडे बघितलं. मास्तर काळजीने तिच्याकडेच बघत होते.

“लहान कुठे गेलं?”

“कसलं लहान?” मास्तर म्हणाले. “एकच तर आहे पहिल्यापासून.”

ती धावत सुटली. शाळेच्या फाटकात थोरला एकटा उभा होता. वर्गातल्या बाईंनी हसून विचारलं, की तुमचा अजून एक आहे का इथे? घरात एकच जोडी बूट. कपाटाच्या खालच्या खणात, जिथे फ्रॉक असायचे, तिथे नवऱ्याची हत्यारं, जुनी, धूळ बसलेली. नवरा आल्यावर तिने विचारलं, अहो, बारकी? आणि त्याने विचारलं, कसली बारकी, अगदी बाजारातून काही आणायचं राहिलं का अशा सुरात.

बाकाच्या टोकाशी भिंतीवरचा डाग मात्र होता. तिने त्याला हात लावला. भिंत गार होती. डाग ऊन होता.

तिने तुमच्याकडे चौकशी केली. तुम्ही तिला सगळं जुनं चित्रण दाखवलंत, मोठ्या मनाने, चहा पाजून. अंडं एकच. पिल्लू एकच. मग विश्रांतीचा सल्ला. ती चार दिवस घरी बसली नाही. दुसऱ्याच दिवशी जाऊन खुर्चीवर बसली, कारण बघण्याची जागा तेवढी एकच होती.

आणि तिने बघितलं. तुम्हीही बघितलंत, म्हणून तर पुढचा हुकूम आला.

मादी येते. मध्यावरच्या पिल्लाला भरवते. ते भरलं की शेवटचा तुकडा चोचीत धरून ती वळते. कडेला जाते. जिथे काही नाही तिथे मान खाली घालते आणि थांबते. मोठं पिल्लू मान आखडून, पंख पसरून आपला मासा झाकून बसतं. मादी हलत नाही. नजरही हलवत नाही. मग ती मान वर करते, तेव्हा चोच रिकामी असते.

खाली लोक विचारतात, हे काय करतेय ती? मास्तर चष्मा पुसत बसतात.

त्या दिवशी बाईने घरी चौथं ताट घेतलं. अर्धं उकडलेलं अंडं, पाव, बाकाच्या टोकाला. नवऱ्याने ते ताट बघितलं. तो आता तिच्याशी जपूनच बोलतो. ती समोर बसली आणि त्या जागेवरून तिने डोळे काढले नाहीत. थोरला जेवत होता. त्याला काही आठवत नाही, त्याला बहीण नव्हतीच. जेवता जेवता त्याने सहज डावा हात उचलला आणि ताटाभोवती घातला. त्या बाजूला.

मग तो किंचित सरकला. कुणीतरी कोपर मारल्यासारखा.

आज तुमचा फोन पुन्हा आलाय. मादी ते विचित्र काही करायला लागली की कॅमेरा तळ्याकडे. लोक घाबरतात म्हणे. बाईने दांडी मुळातून उपटून खिशात टाकली आहे, आणि तरी तुम्ही तिथून वळवू शकता, हे तिला माहीत आहे. वळवा. पण त्याआधी उत्तर द्या, मॅडमनी नको, साहेबांनी नको, ज्याने त्या दिवशी स्वतःच्या हाताने तिकडची दांडी ढकलली त्याने द्या. तळ्याकडे बघून तुम्ही सगळे सुंदर सुंदर म्हणत होता, तेव्हा घरट्यात काय झालं? आणि तो तुकडा कोण घेतं?